दहा पंचवीसचा ठिपका

मागच्या बुधवारी दुपारी तीन वाजता मला कळलं की तेगवेननं आमचं मांजर मारलं होतं. अकरा वर्षांपूर्वी. ‘मारलं’ हा शब्द तिचाच. तिच्या अर्जात तो होता. माझं काम फक्त वाक्यं तपासायचं होतं. मी तो शब्द तसाच ठेवला. दुसरा सुचला नाही.

आधी तेगवेन कोण, ते सांगते.

तेगवेन पस्तीस वर्षांची आहे. जनावरांच्या दवाखान्यात नर्स आहे. डॉक्टर नाही. हे तिला दिवसातून चारदा सांगावं लागतं, कारण आमच्या वेल्श गावांत माणसाच्या नावाला त्याचा धंदा चिकटतो आणि मग सुटत नाही. दूधवाला ह्यू म्हणजे ह्यू दूध. टपालवाली बेथन म्हणजे बेथन टपाल. तेगवेनला सगळे तेगवेन व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर, म्हणतात.

“व्हेट म्हणजे आमचे मालक प्रॉसर,” ती म्हणते. “मी नर्स.”

“मग तेगवेन सुई म्हणतो,” ह्यू म्हणतो.

“म्हण. तुझ्या कुत्र्याला टोचताना पुढच्या वेळी तूच आधी रडू नकोस म्हणजे झालं.”

ती वरच्या खोऱ्यातल्या मेंढ्यांच्या फार्मवर वाढली. तिघी बहिणींत मधली. तिचे वडील म्हणायचे, मोठी हुशार, धाकटी देखणी, मधली उपयोगाची. ती हे हसत सांगते. सोळाव्या वर्षी दवाखान्यात पिंजरे धुवायला लागली. तिथेच काम करत करत पदविका घेतली, परीक्षा दिल्या, नर्स म्हणून नाव नोंदवलं. तेव्हा तिला हिरवा अंगरखा मिळाला. तो ती अजून स्वतः इस्त्री करते. दुसऱ्याच्या इस्त्रीला खिशाची घडी जमत नाही म्हणते.

तिचा खरा हात भुलीत. ऑपरेशन चालू असताना ती जनावराच्या डोक्याशी बसते. एक हात श्वासाच्या रबरी फुग्यावर, कानात नळ्या, मांडीवर तक्ता. दर पाच मिनिटांनी तक्त्यावर एक ठिपका. नाडी किती, श्वास किती. ठिपके जोडले की रेघ होते. प्रॉसर म्हणतात, “डोक्याशी तेगवेन असली की मी माझ्या हातांकडे बघतो. नसली की घड्याळाकडे.”

तिची एक सवय सगळ्या गावाला माहीत आहे. भुलीच्या यंत्राला एक झडप असते. जनावराला यंत्र जोडण्याआधी ती झडप बंद करायची, नळीच्या तोंडावर अंगठा दाबायचा, फुगा पिळायचा. हवा कुठून गळत नाही ना, ते कळतं. मग झडप पुन्हा उघडायची. तेगवेन झडप उघडते, तिला बोट लावते आणि मोठ्यानं म्हणते, “उघडी.” खोलीत जो असेल त्यानं येऊन बोट लावायचं आणि “उघडी” म्हणायचं. प्रॉसर साठीचे आहेत, तेही म्हणतात. एकदा एक पाद्री आपला कुत्रा सोडायला आले होते, त्यांनाही तिनं म्हणायला लावलं. दवाखान्यातल्या मुली तिची नक्कल करतात. चहाची किटली उघडली तरी ओरडतात, “उघडी!”

मीही ओरडायचे.

आता बिशप. बिशप म्हणजे आमचं मांजर. अंगानं काळं, गळ्याशी पांढरा पट्टा. आमचं घर चॅपेलवाल्यांचं, म्हणजे बिशप न मानणाऱ्यांचं. “आपल्याकडे बिशप शिरला तो एवढाच,” आई म्हणायची. आईचं नाव मेन्ना. ती शाळेत स्वयंपाकीण होती. वडील मी सहा वर्षांची असताना गेले, त्यानंतर ते मांजर आलं. आई त्याच्याशी जेवढं बोलायची तेवढं माझ्याशी बोलायची नाही. मी बारा वर्षांची असताना त्याचा दात किडला. काढायला दवाखान्यात नेलं. भुलीतच ते गेलं. प्रॉसरांनी आईला सांगितलं, हृदय कमजोर असणार, मांजरांत ते आधी कळत नाही, कोणाचा दोष नाही.

त्या संध्याकाळी तेगवेन स्वतः त्याला टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, नर्स होऊन वर्ष झालं होतं. आईबरोबर तिनं बागेत खड्डा खणला. आईनं तिला फावडं धरू दिलं नाही, तर तिनं हातांनी माती लोटली. पुढच्या रविवारी ती आमची चौकशी करायला आली. आई म्हणाली, आलीच आहेस तर जेव. त्यानंतर ती दर रविवारी आली. मला जीवशास्त्र शिकवलं. दवाखान्याच्या फिनेलचा वास मारणाऱ्या गाडीतून मला विद्यापीठात सोडलं. साहित्याची पदवी मिळाली तेव्हा सभागृहात आईच्या शेजारी तीच बसली होती. मी व्यासपीठावर चढले तेव्हा तिनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. आई महिनाभर लाजत होती.

आईनं दुसरं मांजर आणलं नाही. एकदा पुरे, म्हणाली.

आता अर्जाचं. दवाखान्यानं या वर्षी एका नर्सला पदव्युत्तर अभ्यासाला पाठवायचं ठरवलं. दोन वर्षं, दर गुरुवारी सुटी, बाकी अभ्यास घरून. शिकून आलेली नर्स दुसऱ्या नर्सना शिकवू शकते, दवाखान्यातले नियम बांधून देऊ शकते. पुढच्या वर्षी प्रॉसर निवृत्त होणार. नवे मालक असं काही करतील याची खात्री नाही. तेगवेनला ही शेवटचीच संधी होती. विषय तीन. भूल, तातडीची शुश्रूषा, प्राण्यांचं वागणं. तिन्हींतला एकच निवडायचा. अर्ज शुक्रवारी दुपारपर्यंत.

सगळ्यांनी धरलं होतं की ती भूल घेणार. ती म्हणाली, वागणं.

“वागणं?” आई रविवारी म्हणाली होती. “तुला कुत्र्यांच्या स्वभावाबद्दल आणखी काय शिकायचंय? ह्यूच्या कुत्र्याला तू एका नजरेत बसवतेस.”

“ह्यूलाही बसवते.”

“मस्करी नको. प्रॉसर म्हणतात, या किनाऱ्यावर भुलीत तुझ्यासारखी दुसरी नाही.”

“प्रॉसर काहीही म्हणतात, आंटी मेन्ना. बटाटे द्या.”

आईनं बटाटे दिले. तिनं भूल टाळावी हे मला विचित्र वाटलं होतं. पण मी बटाटे खाल्ले.

बुधवारी ती माझ्या वाचनालयात आली. मी तिथे नोकरी करते. ती हिरव्या अंगरख्यावर कोट घालून होती. टेबलावर पाकीट ठेवलं.

“वाक्यं बघ. तू साहित्य शिकलीस, मी एनिमा शिकले.”

“विषय कुठला शेवटी?”

“वाच.”

ती गेली नाही. मुलांच्या पुस्तकांशी, त्या बुटक्या खुर्चीवर जाऊन बसली. गुडघे हनुवटीला लागत होते.

अर्जात एक प्रश्न होता. तुमच्या कामाची पद्धत जिच्यामुळे बदलली अशी एक केस लिहा. मालकांची नावं नकोत. तिनं लिहिलं होतं:

‘रुग्ण: मांजर, नर, काळा, सहा वर्षं. दात काढणे. यंत्राची गळती तपासताना मी झडप बंद केली. ती उघडायची राहिली. नळी जोडली. डॉक्टरांना अंगणात अडलेल्या गाईसाठी बोलावलं गेलं. शेजारच्या खोलीत फोन वाजत होता. आमची स्वागतिका आजारी होती. मी रुग्णाला सोडून फोन घ्यायला गेले. सहा मिनिटांनी परत आले. फुगा चेंडूसारखा कडक झाला होता. बाहेर जायला वाट नसलेली हवा रुग्णाच्या छातीत भरत होती. मी झडप उघडली. हृदय थांबलं होतं. आम्ही वीस मिनिटं प्रयत्न केला. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं. मी म्हणाले, अचानक झालं. मग मी तक्त्यावर दहा पंचवीसचा ठिपका काढला. तो खोटा होता. त्या वेळी मी खोलीत नव्हते. रुग्ण मी मारला आणि ठिपक्यानं ते झाकलं.’

खाली सोबत जोडलेला तक्ता होता. फोटो काढलेला. रेघ सुंदर होती. दहा पंधरा, दहा वीस, दहा पंचवीस. मग काही नाही.

चार वर्षं मला एकच गोष्ट शिकवली होती, लिहिलेल्यात काय दडलंय ते शोधणं. अकरा वर्षं ती “उघडी” म्हणत होती आणि मी हसत होते.

मी उठले. तिच्यासमोर उभी राहिले.

“हा बिशप आहे.”

“हो.”

“प्रॉसरांना माहीत आहे?”

“नाही. त्यांनी पाहिलं तेव्हा झडप उघडी होती. त्यांना खरंच हृदय वाटलं.”

“तू आमच्याकडे येत राहिलीस ते यासाठी?”

“पहिलं वर्ष, हो. नंतर नाही.”

“नंतर काय?”

“नंतर तुझ्या आईचा केक. आणि तू.”

मला तिला मारावंसं वाटलं. खरंच. वाचनालयात दोन म्हातारे वर्तमानपत्र वाचत होते. मी हळू आवाजात म्हणाले, “मला वाक्यं तपासायला दिलीस. वाक्यं?”

“तोंडानं जमेना. तीन रविवार प्रयत्न केला. तू कधी मीठ मागायचीस, कधी आई काही विचारायची.”

“बटाटे.”

“हो. बटाटे.” तिनं माझ्या हातातलं पाकीट घेतलं. “दोन अर्ज आहेत, लाउरी. एक वागण्याचा, त्यात एका चावऱ्या कुत्र्याची केस आहे. त्यात कबूल करायचं काही नाही. हा दुसरा. हा पाठवला तर आधी प्रॉसरांना सांगावं लागेल, मग नोंदणीवाल्यांना. नाव राहील की जाईल, माहीत नाही. पण मला ही खोटी रेघ घेऊन भुलीच्या वर्गात बसायचं नाही. उद्या चारला तुझ्या आईला सांगते. ती नको म्हणाली, तर कुत्र्याचा पाठवते आणि पुन्हा बोलत नाही. ते मांजर तिचं होतं.”

त्या रात्री मी आईला काही सांगितलं नाही. ती टीव्हीसमोर विणत होती. मी तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, “काय बघतेस? टाके मोजत होते, विसरले.”

गुरुवारी चारला तेगवेन आली. कोट काढला नाही. आईनं चहा ओतला. तेगवेननं कपाला हात लावला नाही आणि उभ्यानं सगळं सांगितलं. अर्जात होतं तसंच, त्याच क्रमानं. झडप. अंगण. फोन. सहा मिनिटं. फुगा. ठिपका. तक्ता टेबलावर ठेवला.

आई खुर्चीत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मला वाटलं, तिनं ऐकलं नाही.

मग ती म्हणाली, “त्याला कळलं का?”

“नाही. गाढ झोपेत होता. हे मी खात्रीनं सांगते. बाकी कशाची खात्री देत नाही, पण हे सांगते.”

“मी त्याला सार्डिन मासे दिले होते,” आई म्हणाली.

आम्ही दोघींनी तिच्याकडे पाहिलं.

“त्या सकाळी. तुम्ही सांगितलं होतं, रात्रीपासून उपाशी ठेवा. तो ओरडत होता. दारापर्यंत मागे आला. मी डबा फोडला. दोन दिले. डबा कचऱ्यात खाली दाबला, लाउरीला दिसू नये म्हणून.” ती एकसुरात बोलत होती. “प्रॉसर म्हणाले हृदय. मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून म्हणतात. मला वाटलं, सार्डिन. अकरा वर्षं. दर रविवारी चॅपेलमध्ये मान खाली घातली की सार्डिन.”

“आंटी मेन्ना, सार्डिननं झालं नाही.”

“गप्प बस.”



मी आईच्या खांद्याला हात लावला. तिनं तो झटकला. मला तेव्हा कळलं, ती रडत नव्हती, संतापली होती. तिनं तक्ता ओढून घेतला. चष्मा नव्हता, कागद लांब धरला.

“यातला खोटा कुठला?”

तेगवेननं बोट ठेवलं.

“दहा पंचवीस,” आई म्हणाली. मग तिचं बोट मागे सरकलं. “दहा वीसला तू फोन घ्यायला गेलीस.”

“हो.”

“दहा वीसला शाळेत छोटी सुटी. मुलं बाहेर. मी स्वयंपाकघरातून फोन करायचे ते तेव्हाच.”

तेगवेननं तक्त्यावरचं बोट उचललं.

“मी फोन केला होता.” आईनं कागद खाली ठेवला. “सार्डिनचं सांगायला. उचलला तो तू. मला तुझा आवाज तरुण वाटला. मला सांगवेना. मी विचारलं, नेताना टोपलीत काय अंथरू. मग हवेबद्दल बोलले. तू ‘हो हो’ करत होतीस. तुला जायचं होतं. मला कळत होतं तुला जायचंय. मी सोडलं नाही तुला. म्हटलं, आता सांगते, आता सांगते.”

किटलीतून वाफ येत होती. ती बंद करायला हवी होती. मी उठले नाही.

“तो फोन माझा होता,” आई म्हणाली. “हे तू लिहिलं नाहीस.”

“नाही.”

“का? तुला माहीत होतं ना?”

“होतं. त्याच संध्याकाळी, खड्डा खणताना तुम्ही बोललात, तेव्हा तोच आवाज.”

“आणि अकरा वर्षं माझ्या टेबलावर जेवलीस.”

“फोन कोणाचाही असता,” तेगवेन म्हणाली. “मी तो घ्यायचाच नव्हता. जनावर झोपलेलं असताना त्याच्यापासून उठायचं नाही. हे पहिल्या दिवशी शिकवतात. आणि झडप माझ्या हातात होती. तुमच्या नाही.”

“ते तू म्हणतेस.”

“ते मीच म्हणायचं. म्हणून तर हा विषय.”

आई उठली. किटली तिनंच बंद केली. ओट्याला धरून उभी राहिली. खिडकीतून बाग दिसते, पण ती तिकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती.

“अर्ज काढ,” ती पाठमोरी म्हणाली. “सार्डिनचं लिही त्यात. मालकिणीनं उपाशी ठेवलं नव्हतं, असं.”

“त्याचा संबंध नाही, खरंच—”

“संबंध नाही असंही लिही. पण लिही. झालं ते सगळं असू दे.”

तेगवेननं टेबलावर अर्ज पसरला. उभ्यानंच लिहिलं. ‘मालकिणीनं नंतर सांगितलं की सकाळी रुग्णानं थोडं खाल्लं होतं. मृत्यूशी याचा संबंध नाही.’ आईनं माझ्याकडून आपला चष्मा मागवून घेतला आणि वाचलं.

“आणि फोन.”

“फोन नाही,” तेगवेन म्हणाली. “तुम्ही नको म्हणालात तर मी कुत्र्याचा अर्ज पाठवीन. पण तुमचा फोन मी यात लिहिणार नाही. तो लिहिला की वाचणारा म्हणेल, बिचारी, तिला अडकवलं होतं. मला ते नको.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी त्या दोघींना इतकी वर्षं ओळखत होते आणि त्या मला अनोळखी वाटत होत्या. आईनं आधी नजर काढली.

“मग नको लिहूस,” ती म्हणाली. “मी प्रॉसरांना सांगीन. ते तू मला नाही थांबवू शकत.”

“नाही.”

“खूण कुठे करायची असते?”

तेगवेननं दाखवलं. तीन चौकोन होते. आईनं पेन तिच्या हातात दिलं आणि बाजूला झाली. तेगवेननं पहिल्या चौकोनात खूण केली. भूल. तिचा हात थरथरत नव्हता. ऑपरेशनच्या वेळी तिचा हात असाच असतो, म्हणतात. मी कधी पाहिला नव्हता.

तिनं कागद गोळा केले. चहा गार झाला होता. दारात ती थांबली.

“रविवारी—” ती म्हणाली.

“या रविवारी येऊ नकोस,” आई म्हणाली.

“बरं.”

“पुढच्या रविवारचं पुढच्या रविवारी बघू.”

“बरं, आंटी मेन्ना.”

ती गेली. आईनं तिचा कप उचलला, तो गार चहा ओतून दिला, कप धुतला. मग बसली आणि मला म्हणाली, “तुला मी सांगायला हवं होतं.” मी म्हटलं, “मला दोघींनीही सांगायला हवं होतं.”

शुक्रवारी सकाळी तेगवेननं प्रॉसरांना सांगितलं. त्यांनी अर्जाच्या शिफारशीवर सही केली. त्याच हातानं नोंदणीवाल्यांना पाठवायच्या पत्रावरही केली. अर्ज अकराला गेला. दोन्हीकडून अजून काही आलेलं नाही.

आज रविवार. टेबलावर मी दोनच ताटं मांडली. आई आली, ताटांकडे बघितलं. तिनं तिसरं काढलं नाही. पण बटाटे तिनं तिघींपुरते उकडले होते. आम्ही दोघींनी ते सगळे संपवले. पोट दुखेपर्यंत.